मनगटापर्यंत न आलेले ठोके

पोळ्याचा दुसरा दिवस, अमरावती. सन १९२७

ही वही खरं म्हणजे नाड्यांची. खुशालराव डॉक्टरांनी काल हातात दिली आणि म्हणाले, सहदेव, रोग्यांची नावं एका अंगाला, ठोके दुसऱ्या अंगाला. मी पहिल्याच पानावर शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेचं चित्र काढून बसलो. झाडाखाली झोपलेलं कुत्रंही काढलं, ते बरं जमलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि दुसरी वही आणली. ही मला राहिली.

नोकरी लागली हे अजून खरं वाटत नाही. शाळा मराठी चौथीपर्यंत, त्यानंतर पाय एका जागी राहिले नाहीत. धामणगावच्या कापसाच्या जिनात सरकी ओढली, नाटक कंपनीत पडदे ओढले, संत्र्याच्या टोपल्या बांधल्या. शेवटी एका भजनी मंडळात खंजेरी वाजवत इथे आलो. मंडळ पुढे यवतमाळला गेलं, मी अंबागेटपाशी कुस्ती पाहत राहिलो. भूक लागली म्हणून एका ओट्यावर खंजेरी वाजवत बसलो, तो ओटा डॉक्टरांचा निघाला. त्यांना माझी बोटं आवडली. गळा नाही आवडला.

काम असं. डॉक्टर रोग्याच्या छातीला नळी लावून ठोके ऐकतात. त्याच वेळी मी मनगट धरतो आणि ठोका आला की टेबलावर टिचकी मारतो. धड माणसाचं दोन्हीकडे सारखं येतं. पण ज्याचं काळीज वेड्यासारखं पळतं, त्याच्या छातीत होतात जास्त आणि मनगटात येतात कमी. मी विचारलं, बाकीचे कुठे जातात? डॉक्टर म्हणाले, "काही ठोक्यांत जोरच नसतो. वाटेत विरतात."

हे ऐकून दिवसभर बरं वाटलं नाही.

गणपती बसले

नवीन औषध आलं आहे. कोयनेलच्याच झाडाच्या सालीतून निघतं, तितकंच कडू. पण कोयनेलची पोस्टात पुडी मिळते ती हिवतापावर, हे काळजावर. पळणाऱ्या काळजाला ताब्यात आणतं. डॉक्टर त्याला कोयनेलची बहीण म्हणतात. विलायतेतही याला दहा वर्षं झाली नाहीत, सांगत होते. ते बोलताना त्यांचाच चेहरा रोगी बरा झाल्यासारखा दिसत होता.

पहिले रोगी वामनराव. कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितात. त्यांची छाती एकाएकी बिथरलेल्या टांग्याच्या घोड्यासारखी सुटते आणि आपोआप थांबते. म्हणतात, "माह्यं काळीज म्हनजे अपिलाची तारीख. कधी निघीन, सांगता येत नाई." मला म्हणाले, "का गा भजनी, नाडी पाहून राहिला का खंजेरी वाजवून राहिला? हात हलका ठेव न."

डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं. "कान वाजतील, पोट बिघडेल, ते मला येऊन सांग. पण झीट आली तर विचारायचं नाही. गोळी त्याच क्षणी बंद." मी मान हलवली. खिडकीतून अस्वलवाला जात होता, अर्धं लक्ष तिकडे होतं. पण ऐकलं.

महालक्ष्म्या उठल्या

बाईला घेऊन आलो.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, शकुन. अकोल्याला मोर्णेच्या काठी दिली आहे. घर माळ्याचं, फुलांचं आणि भाजीचं. लहानपणी तिला सांधे सुजण्याचा ताप आला होता, तेव्हापासून काळीज खराब. आता दोन हंडे पाणी आणलं की भिंतीला टेकते. लेकरू झालं नाही. सासू पार्बताबाई, जिला बाई आत्याबाई म्हणते, तिचं म्हणणं, काळजातच दम नाही तर कुशीत कुठून येणार. भाटवे, म्हणजे तिचा नवरा शालिकराम, भला माणूस. पण आईपुढे त्यांचं तोंड उघडत नाही. दसऱ्यानंतर त्यांच्यासाठी दुसरी पाहायची असं घरात उघड बोलणं आहे. बाईसमोरच बोलतात. ती भाजी निवडत ऐकते.

मी म्हटलं, चाल माझ्यासोबत, डॉक्टर आहे. पार्बताबाई म्हणाली, "ने बापा. वापस नाई आनली तरी चालते." हसून म्हणाली. बाईही हसली.

डॉक्टरांनी नळी लावली, मी मनगट धरलं. लहानपणी याच मनगटाला धरून जत्रेला जायचो. आत काही ठेका म्हणून नव्हता. पोत्यातून चणे सांडावे तसं. टिचकी कुठे मारावी तेच कळेना. डॉक्टरांनी नळी काढली आणि नव्या औषधाची बाटली पुढे ओढली.

पितृपक्ष चालू

ठेका बसला!

आठ दिवस बाई दवाखान्यामागच्या खोलीत आहे. डॉक्टर स्वतः गोळी देतात, मी मनगट धरून बसतो. काल संध्याकाळपर्यंत तेच चणे. आज सकाळी धरलं आणि मला वाटलं मी दुसऱ्याच कोणाचं मनगट धरलं. एक, एक, एक. भजनातला सगळ्यात सोपा ठेका. टिचक्या मारत सुटलो. डॉक्टरांनी डोळे मिटले होते, त्यांच्या नळीत आणि माझ्या बोटांत एकच चाललं होतं. एकही ठोका वाटेत राहत नव्हता.

बाई म्हणाली, "छातीत कोनी नसल्यावानी वाटून राहिलं रे. पाहुने उठून गेल्यावर घर असते तसं."

कानात बारीक घंटी वाजते म्हणाली. पोटही बिघडलं आहे. डॉक्टर म्हणाले, "पोट ढिलं असेल तोवर नीट खायचं. उपाशी राहून हे औषध घ्यायचं नाही."

वामनरावांचं घोडंही ठाणबंद आहे. त्यांनी डॉक्टरांना आभाराचा अर्ज लिहून आणला, खाली 'अर्जदार सदैव ऋणी राहील' असं.

अकोला, सर्वपित्रीच्या अलीकडे

माझ्या हातून चूक झाली.

बाईला घरी सोडून मी अमरावतीला गेलो होतो. तिच्या गोळ्यांची पुढची बाटली घेऊन परवा यायचं होतं. मूर्तिजापूरला गाडी थांबली, स्टेशनाबाहेर खंजेरी ऐकू आली. म्हटलं एक भजन ऐकू. काल आलो.

बाई भिंतीला टेकून बसली होती. काळीज पुन्हा सुटलं होतं, ओठ जांभळे. पार्बताबाई अंगणातून सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आलं का डॉक्टरचं पितळ उघडं? बुडलेलं काळीज कुठं वर येते काय? शालिक, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल जुपजो, पातूरले पोरगी पाहाले जाऊ."

बाईनं बाटली घेतली आणि पाण्याशिवाय गोळी चावून खाल्ली, एवढी कडू. आज दुपारी ठेका पुन्हा बसला. मी तिचं मनगट सोडलंच नाही. ती म्हणाली, "सोड आता, हार गुंफाचे हायेत."

पहिली माळ

घट बसला. या घरात नवरात्र म्हणजे कामाचा पूर. गावभरच्या घटांवर रोज एक माळ चढते आणि ती यांच्याच मळ्यातून जाते. पहाटेपासून झेंडू तोडणं, कारळ्याची पिवळी फुलं, सुया, दोरे. भाटवे टोपल्या घेऊन बाजारात.

बाईनं नऊ दिवसांचा उपास धरला आहे, दिवसाला एकदा भगर. मी म्हटलं डॉक्टरनं खायला सांगितलं आहे. म्हणाली, "बरी झाली म्हून धरला न. बरी नसती तं कशी धरली असती?" पोट अजून ढिलंच आहे. डॉक्टरांना सांगायचं आहे, लक्षात ठेवावं.

तिसरी माळ

आज जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो.

दुपारची गोळी घेऊन बाई घटापुढे माळ गुंफत बसली होती. मी खांबाला टेकून फुलं पुरवत होतो. एकदम तिची मान मागे गेली. डोळे वर फिरले, नुसतं पांढरं दिसत होतं. घशातून घोगरा आवाज आला, तिचा नव्हे असा. दोन्ही हात थरथर कापले, मांडीवरचा झेंडू सगळा जमिनीवर उधळला. पार्बताबाई चुलीपाशी होती. तिनं पाहिलं, हातातलं उलथणं पडलं.

"माय आली वं! माह्या घरी माय आली!"

आणि तिनं बाईच्या पायावर डोकं ठेवलं. ज्या पायांना ती रोज 'मेल्याचे पाय' म्हणते, त्याच पायांवर.

मी सवयीनं मनगट धरलं. काही नाही. एकही ठोका नाही, बोटांखाली नुसती कातडी. घाबरलो. मग मनात आलं, देवीला नाडी कुठली असणार? आणि इतक्यात ठोके आले, एक, एक, पहिल्यासारखे. बाईनं डोळे उघडले. दुसऱ्या गावाहून आल्यासारखी सगळ्यांकडे पाहत होती. पार्बताबाई तिला पदरानं वारा घालत होती आणि रडत होती.

यापूर्वी देवी का आली नाही, याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, त्या धडधडीत ती बसणार तरी कुठे? औषधानं आत झाडझूड केली, मग आली.

पाचवी माळ

कालही आली, आजही आली. दोन्ही वेळा दुपारच्या गोळीनंतर. पार्बताबाईच्याही ध्यानात आलं आहे. ती बायांना सांगते, "औषधानं काया धुतल्या जाते, मंग माय बसते." आता गोळी तीच देते, कापूर ओवाळून. बायांना त्याच सुमाराला बोलावते. आज अंगण भरलं होतं. ओट्या, खण, नारळ. शेजारची गंगूबाई, जिनं बाईला वांझ म्हणून डोहाळजेवणातून उठवलं होतं, ती पहिल्या ओळीत बसली होती.

मला खंजेरी वाजवायला सांगितलं. देवीचा भाऊ म्हणून पहिला चहा मला. वाजवली, छान वाजली. तिचे डोळे फिरले तेव्हा मी हात आणखी जोरात चालवला.

शुद्धीवर आल्यावर बाया विचारतात, माय, लेकाचं लग्न जमेल का, माय, गाय दूध देईना. बाई थकलेल्या आवाजात म्हणते, होईन. प्रत्येकीला होईन.

पोट अजून तसंच आहे. भगरही आता खात नाही. पार्बताबाई म्हणाली, "माय बसते त्या अंगानं खाऊ नाई वं बाई." 'वं बाई' म्हणाली. सकाळी तिनं स्वतः बाईच्या डोक्याला तेल लावून वेणी घातली. वेणी घालून घेताना बाईनं डोळे मिटले होते. लग्नाआधी आई वेणी घालायची तेव्हा मिटायची तसे.

पातूरचं नाव घरात कोणी काढत नाही.

सहावी माळ, अमरावती

डॉक्टरांनी सगळं विचारलं. ठेका? म्हटलं, पक्का. कान? वाजतात. पोट? थोडं. जेवते? मी म्हटलं, "नवरात्र आहे जी." ते वैतागले. "तिला सांग, डॉक्टरनं उपास सोडायला लावला, पाप माझ्या माथी." मग विचारलं, "झीट?"

म्हटलं, "नाही जी."

खोटं बोललो नाही. झीट म्हणजे उन्हात माणूस पडतो ती, जिनात पोरगं पडलं होतं ती. देवीचं त्यांनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कदाचित नसतं सांगितलं. ते आगरकरी वळणाचे, हसले असते.

झोप नीट आली नाही. कारण माहीत नाही.

सातवी माळ

वामनराव तपासायला आले होते. नेहमीसारखे बोलत होते. "भजनी, देवी पावली काय तुले? चेहरा काहून असा नारळावानी?" मी मनगट धरलं. डॉक्टर नळी कानाला लावत होते.

वामनरावांची मान मागे गेली. डोळे वर फिरले, पांढरे. घशातून तोच घोगरा आवाज, हातांचा तोच थरकाप. बोटांखाली नाडी गेली. तशीच गेली. मी मनगट घट्ट धरून होतो आणि वाट पाहत होतो, मला माहीत होतं की येईल. आली. एक, एक. वामनरावांनी डोळे उघडले, दुसऱ्या गावाहून आल्यासारखे, आणि म्हणाले, "कोर्ट उठलं काय?"

मी विचारलं, "वामनराव, तुमच्या अंगात कोण आलं होतं?"

"माह्या अंगात? बापा, माह्या घरात माही बायको येत नाई, अंगात कोन येते?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "ही झीट औषधाची आहे. काळीज ताब्यात येता येता मध्येच बंद पडतं. या वेळी चालू झालं. दर वेळी होईलच असं नाही." त्यांनी वामनरावांच्या खिशातली बाटली काढून घेतली. वामनराव म्हणाले, "मंग माह्यं घोडं?" डॉक्टर म्हणाले, "पळू द्या. पळतं आहे तोवर आहे."

मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर काल काय म्हणालो तेही निघालं असतं. दवाखान्यातून तसाच निघालो. आता बडनेऱ्याला बाकावर बसून लिहितो आहे, अकोल्याची गाडी यायची आहे. फलाटावर कोणीतरी बासरी विकत वाजवतो आहे. मी उठलो नाही.

वामनरावांच्या अंगात कोणीच आलं नव्हतं.

आठवी माळ, अकोला

बाई मळ्यात झेंडूच्या वाफ्यात होती, एकटी. पाय सुजले आहेत, चेहरा मात्र उजळ. देव्हाऱ्यातली बाटली मी आल्या आल्या खिशात टाकली होती. सगळं सांगितलं, वामनराव, डोळे, घसा, नाडी. म्हटलं, "बाई, ती देवी नाही. औषध आहे ते. मरशील."

ती फुलं खुडत राहिली. म्हणाली, "मले माहीत हाय."

मला समजलं नाही.

"पयल्या दिवशीच समजलं. कोनी येत नाई रे सहदेव. कोनीच नाई येत. अंधार होते. मंग डोळे उघडते तं आत्याबाईचा हात माह्या डोक्यावर असते."

मी म्हटलं, मग गोळी सोड. लोकांपुढे खोटे डोळे फिरव, कोणाला कळणार?

ती रागावली. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. "देवीच्या घटापुढं ढोंग करू? अंधार तं खरा येते न? तो मी करत नाई."

मग समजावल्यासारखं बोलली, मी लहान असताना बोलायची तसं. "सोडली तं पुन्ना धडधड. पाहिलं न तू, एका दिवसात काय झालं ते. पुन्ना भिंत, पुन्ना पातूर. तुले माहीत नाई, माह्यासमोर माह्या सवतीच्या लुगड्याचा रंग ठरवत होते. आज आत्याबाईनं मले पाटावर बसवून आंग धुवून देल्लं. लेकरावानी. मले दसऱ्यापर्यंत राहू दे. दसऱ्याले मी माह्या हातानं बाटली मोर्णेत टाकीन."

मी म्हटलं, "मग पातूरचं?"

"देवी बसलेल्या बाईवर सवत आनतीन काय? मंग नाई आनत. मंग देवी नाई आली तरी चालते. एकदा बसली ते बसली."

हिशोब बरोबर होता. तिनं हात पुढे केला. बोटांना झेंडूचा पिवळा रंग, सुईची भोकं. मी म्हटलं, भाटव्यांना सांगतो. ती म्हणाली, "सांग. ते आईले इचारतीन."

मी बाटली दिली.

एकच दिवस, असं मला वाटलं. उद्याची माळ, मग दसरा. आणि ती इतकी आनंदात होती.

नववी माळ

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पार्बताबाईनं आज शेवटची माळ म्हणून कापूर जास्त लावला. गोळी दिली. एक दिली की दोन, मला दिसलं नाही, धूर होता. सगळे म्हणाले वाजव. मी वाजवली नाही, बाईजवळ बसून मनगट धरलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

मान गेली. बायांनी एकच गजर केला. बोटांखाली काही नाही. मी वाट पाहत होतो, मला माहीत होतं की येतं. छातीवर कान ठेवला. आत काहीतरी फडफडत होतं, मुठीत धरलेल्या पाखरासारखं. होतं, मी ऐकलं, आत होतं. पण मनगटापर्यंत आलं नाही. मी ओरडलो, खंजेरी थांबवा. कोणीतरी दुसराच वाजवत होता. मग फडफडही

गजर बराच वेळ चालू होता.

दसरा

गावानं सोनं लुटलं. बाईला हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून, मळ्यातली सगळी फुलं घालून नेलं. अकोल्यातल्या बाया रस्त्यात पाया पडत होत्या. देवी आली आणि सोबत घेऊन गेली, असं सगळे म्हणतात. परतताना भाटव्यांनी माझ्या हातात आपट्याचं पान दिलं. सवयीनं दिलं असेल.

बाटली देव्हाऱ्यात सापडली. मोर्णेत टाकली नाही. ती तिनं टाकायची होती.

अमरावती

वार माहीत नाही. डॉक्टरांपुढे बाटली ठेवली आणि सांगितलं. सगळं. ते ओरडतील, मारतील असं वाटत होतं. त्यांनी इतकंच विचारलं, "मी झीट आली का विचारलं तेव्हा?"

"तेव्हा तीन वेळा आली होती जी."

"मग?"

"आम्ही तिला झीट म्हणत नव्हतो."

ते उठून खिडकीशी गेले. तिथूनच म्हणाले, "मी तिथे यायला पाहिजे होतं. तुला पाठवत राहिलो." मग रोग्यांच्या वहीत बाईच्या नावापुढे काही लिहायला बसले, टाक शाईत बुडवला, शाई वाळली, पुन्हा बुडवला. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. वामनराव आले, माझ्याशेजारी टेकले. त्यांचं घोडं सुटलं होतं, मानेची शीर उडताना दिसत होती. नेहमीची थट्टा केली नाही. म्हणाले, "धर गा मनगट. उगा धर." मी धरलं नाही. मला आता कोणाचंही धरवत नाही.

नोकरी सोडली. डॉक्टरांनी थांब म्हटलं नाही.

तेरवी, अकोला

अंगणात बाईचा पाट मांडला आहे, वर ताजी माळ. लांबलांबून बाया आल्या होत्या. जेवणं झाल्यावर पार्बताबाईनं माझा हात धरून मला त्या पाटावर बसवलं. "तू बस बापा. तुह्यात तिचंच रक्त हाय."

मी म्हटलं, "मावशी, ऐका. ते औषध होतं. औषधानं तिला झीट येत होती. मला माहीत होतं. मी बाटली दिली."

सगळ्यांसमोर बोललो. गंगूबाईनंही ऐकलं. मला वाटलं, आता दगड येतील. यावेत असंही वाटलं.

पार्बताबाई माझ्याकडे पाहत होती. डोळे कोरडे, सुजलेले. म्हणाली, "औषधबी मायनंच धाडलं न बापा. तुह्याच हातून धाडलं." आणि वाकून तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्यामागे गंगूबाई. तिच्यामागे आणखी एक, जिला मी ओळखतही नाही.

पाय मागे घ्यायला पाहिजे होते. केसांचा तेलकट, कोमट स्पर्श होत होता. किती वर्षं मी गावोगाव फिरतो आहे, मला इतक्या हळू कोणी शिवलं नव्हतं.

मी पाय मागे घेतले नाहीत.